संक्रांतीचे अकराशे त्रेचाळीस पत्ते

शिवशरण उंबरजे यांचं पत्र परत आलं ते सोमवारी, एकोणीस जानेवारीला, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण ती त्यांनी लगेच आवक-जावक वहीत लाल शाईने लिहून ठेवली. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्या वहीत लाल शाई फार थोड्या वेळा उमटली होती.

उंबरजे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात पत्रव्यवहार सांभाळतात. टाइपरायटर गेला, फॅक्स आला, फॅक्स गेला, ईमेल आला. टेबल मात्र तेच राहिलं आणि टेबलामागचा माणूसही. आलेल्या पत्राला त्याच दिवशी उत्तर द्यायचं, ही त्यांची शिस्त. माग खात्यातले लोक त्यांना पोस्टमास्तर म्हणतात. ते आपल्याला आवडत नाही असं ते दाखवतात.

परत आलेलं पत्र हॉलंडमधल्या एका हॉटेल कंपनीच्या खरेदी विभागाला होतं. तिथल्या आनेके नावाच्या बाईंना पाच जानेवारीला तीन नमुने कुरिअरने पाठवले होते. पांढरा टॉवेल आणि कडेला निळा पट्टा. पट्ट्याचा निळा तीन छटांमध्ये. त्यांनी एक छटा निवडायची आणि कारखान्याने ती लेखी मान्य करून कामाची तारीख कळवायची. हे सगळं तेवीस तारखेच्या शुक्रवारी त्यांच्याकडे दुपारचे बारा वाजायच्या आत, म्हणजे आपल्याकडे साडेचारच्या आत व्हायला हवं होतं. नाही झालं तर काम दुसऱ्या राज्यातल्या एका कारखान्याकडे जाणार, हे बाईंनी गोड शब्दांत पण स्वच्छ लिहिलं होतं. बारा मागांवर पांढरा ताणा, म्हणजे उभं सूत, चढवून तयार होता. निळं सूत कुठल्या छटेत रंगवायचं, तेवढंच अडलं होतं. माग बंद तर विणकराचा दिवस बुडाला. बारा मागांवरचे लोक शेडच्या सावलीला तंबाखू मळत बसले होते.

बाईंकडून काहीच कळेना म्हणून उंबरजेंनी स्मरणपत्र लिहिलं, आणि तेच परत आलं. सोबत चार ओळींचा निरोप होता. तुमचं पत्र ज्या पत्त्यावरून येत आहे तो पत्ता काळ्या यादीत आहे, सबब पत्र स्वीकारता येत नाही.

उंबरजेंनी चष्मा पुसला. राग आला की ते चष्मा पुसतात; त्या आठवड्यात काचा आरशासारख्या लखलखीत झाल्या.

“काळी यादी?” मालक नंदीश म्हणाला. नंदीश पस्तिशीचा. कारखाना त्याच्या वडिलांनी, आण्णांनी, चार मागांवर सुरू केला होता. आण्णा जाऊन सहा वर्षं झाली. “काका, आपण काय केलंय?”

“मी काही केलेलं नाही,” उंबरजे म्हणाले. “मी फक्त पत्र लिहिलं.”

ज्या कंपनीकडून कारखान्याने ईमेलची सोय घेतली होती, तिचं कार्यालय पुण्यात. तिथला मदतीचा फोन उचलायला बावीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात बासरीची एकच धून एकोणीस वेळा वाजली, उंबरजेंनी मोजली. शेवटी सोनाली नावाच्या मुलीचा आवाज आला.

“सर, तुमच्याच पत्त्यावरून चौदा तारखेला एका तासात अकराशेच्या वर मेल गेलेत. बरोबर?”

“बरोबर. अकराशे त्रेचाळीस. संक्रांतीच्या शुभेच्छा होत्या.”

“त्यातले तीनशेच्या आसपास पत्ते बंद आहेत. आणि काही मेल सापळ्यात पडलेत.”

“कसल्या सापळ्यात?”

“या याद्या चालवणारे लोक जुने, बंद पडलेले पत्ते घेऊन ठेवतात सर. ते कोणीच वापरत नसतं. मग त्या पत्त्यावर जो मेल पाठवेल तो स्पॅमवाला, असं धरतात.”

“आणि जो ओळखीने पाठवतो तो?”

“तो पण,” सोनाली म्हणाली. तिलाच वाईट वाटल्यासारखा आवाज होता.

“बरं. कोणता पत्ता ते सांगा, आत्ता खोडतो.”

“ते सांगत नाहीत सर. सांगितलं तर सापळा कसला?”

उंबरजेंनी फोन कानापासून लांब धरला, त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा कानाला लावला. “म्हणजे चूक काय ते सांगणार नाहीत, पण शिक्षा देणार.”

“सर, तुमच्याकडे येणाऱ्या मेलला काही फिल्टर लावलाय का? सहज विचारते.”

“आमचा फिल्टर मी स्वतः करतो,” उंबरजे ताठ होऊन म्हणाले. “आमच्याकडे कचऱ्याचं एक पत्र येत नाही.”

हे खरं होतं. मागच्या ऑगस्टमध्ये कारखान्याच्या पत्त्यावर लॉटरी, अडकलेली पार्सलं आणि टक्कल घालवणारी तेलं यांचा पूर आला होता. तेव्हा उंबरजेंनी एकेक पाठवणारा हेरून बंद केला आणि त्याची नोंद हिरव्या पुठ्ठ्याच्या वेगळ्या वहीत ठेवली. एकेकाला पकडून भागेना तेव्हा त्यांनी गावंच्या गावं बंद करावीत तसे पत्त्यांचे शेवटच बंद केले. अमुक अक्षरांनी संपणारं काहीही आलं की परस्पर वेगळ्या कप्प्यात, त्यांच्या भाषेत कोंडवाड्यात, जायचं. त्या वहीचा त्यांना अभिमान होता.

आता त्या संक्रांतीच्या पत्रांबद्दल. ती पद्धत आण्णांची. एकदा वहीत पत्ता आला की तो माणूस आपला, मग तो सूत विकणारा असो, टॉवेल घेणारा असो, की मुंबईच्या प्रदर्शनात पाच मिनिटं उभा राहून कार्ड देऊन गेलेला असो. संक्रांतीला, गावच्या गड्ड्याच्या यात्रेत देवाच्या लग्नाच्या अक्षता पडायच्या दिवशी, त्याला कारखान्याकडून दोन ओळी गेल्याच पाहिजेत. आण्णांच्या वेळी ती पोस्टकार्डं होती आणि उंबरजे ती तीन रात्री जागून लिहायचे. पुढे ईमेल आला, तेव्हा आण्णा म्हणाले होते, “आता तर तिकीटबी नको. एकालाबी गाळू नको शिवशरण.” उंबरजेंनी एकालाही गाळलं नाही. यादी दरवर्षी वाढायची, कमी कधीच व्हायची नाही. यंदाही चौदा तारखेला सकाळी पांढरी बाराबंदी घालून, यात्रेतल्या नंदीध्वजाचा फोटो जोडून, सगळ्यांना एकदम पत्र टाकून ते अक्षता सोहळ्याला गेले होते. परत येताना त्यांना फार बरं वाटत होतं. त्या दोन तासांत ते चोर ठरले होते, याची त्यांना कल्पना नव्हती.

सोमवारी दुपारी नंदीश म्हणाला, “काका, कशाला डोकं फोडायचं? मी माझ्या जीमेलवरून टाकतो की.” त्याने पाठवलं. ते परत आलं नाही, पण उत्तरही आलं नाही. मंगळवारी सकाळी पुन्हा पाठवलं, पुन्हा तेच.

“का देत नसेल उत्तर ही बाई?” नंदीशने विचारलं.

उंबरजे चष्मा पुसू लागले. दोन वर्षांपूर्वी कोणीतरी एका निर्यातदाराच्या नावाने खोटी पत्रं पाठवून त्याच्या गिऱ्हाइकाला गंडवलं होतं. ती बातमी वाचल्याबरोबर उंबरजेंनी आपल्या सगळ्या परदेशी गिऱ्हाइकांना कळवलं होतं की आमच्या या एकाच पत्त्यावरून आलेलं पत्र खरं. दुसऱ्या कुठल्याही पत्त्यावरून, कोणाच्याही नावाने, अगदी मालकांच्या नावानेही आलं, तरी विश्वास ठेवू नये. ‘मालकांच्या नावानेही’ याच्याखाली त्यांनी रेघ मारली होती.

“म्हणजे तुम्हीच तिला सांगून ठेवलंय, नंदीश खोटा आहे म्हणून,” नंदीश म्हणाला.

“काळजी म्हणून सांगितलं होतं.”

“लई काळजी केलीत काका.”

मग फोन. दुपारी दोन वाजता, म्हणजे तिकडे कार्यालय उघडतं तेव्हा, उंबरजेंनी आकडे लावले. एका यंत्राने दीड मिनिट डच भाषेत काहीतरी समजावून सांगितलं, मग इंग्रजीत एकच वाक्य म्हटलं, कृपया ईमेल करा, आणि फोन ठेवला. उंबरजेंनी चार वेळा लावला. यंत्राने चारही वेळा तेवढ्याच शांतपणे सांगितलं.

माग खात्याचा जॉबर, म्हणजे मुकादम, यादगिरी दारात येऊन उभा राहिला. त्याचं घर पूर्व भागात, साखरपेठेच्या पुढे. घरी तेलुगू, कारखान्यात मराठी. बारा मागांवरची माणसं त्यानेच आणलेली.

“काय पोस्टमास्तर, आला का निळा?”

“उद्या येईल.”

“कालबी उद्या येणार होता की. लोक बसून हायत सायेब. बसून मिळत न्हाय काय. दोघं म्हणायलेत, दुसरीकडं बदली मागावर जातो. गेले तर परत येतील का, सांगा.”



मंगळवारचा उरलेला दिवस त्यांनी यादी चालवणाऱ्यांच्या मागे घालवला. सोनालीने एक जागा सांगितली होती. तिथे आपला पत्ता टाकला की जगातल्या ऐंशी काळ्या याद्यांमध्ये आपण आहोत की नाही ते दिसतं. उंबरजेंनी टाकला. शहात्तर याद्यांपुढे हिरवी खूण आली, चार याद्यांपुढे लाल. त्या चारांतली एक यादी कधीच बंद पडली होती आणि तेव्हापासून विचारेल त्याला लाल खूण देत होती. दुसरी म्हणत होती, सात दिवस थांबा, आपोआप निघेल. घाई असेल तर फी भरा. तिसरी कोणी वापरतच नव्हतं. चौथी मात्र हॉलंडची कंपनी वापरत होती.

“शहात्तर जण म्हणतात माणूस सज्जन आहे,” उंबरजे नंदीशला म्हणाले, “चार जण म्हणतात चोर आहे. त्या चौघांतला एक मेलाय, एक पैसे मागतोय, एकाला कोणी विचारत नाही. आणि उरलेल्या एकाच्या सांगण्यावरून दार बंद! ही काय तऱ्हा झाली?”

चौथ्या यादीतून नाव काढून घ्यायला एक अर्ज होता. हे पत्ते तुम्ही कुठून मिळवले? प्रत्येकाची लेखी संमती आहे का? कारण पाचशे अक्षरांत लिहा. उंबरजेंनी इंग्रजीत, नीट परिच्छेद पाडून लिहिलं की ही सगळी आमची माणसं आहेत, आमच्या गावात संक्रांतीला तीळ आणि गूळ देऊन गोड बोलण्याची विनंती करायची रीत आहे, आणि आम्ही ती पस्तीस वर्षं पाळत आहोत. तीन मिनिटांत उत्तर आलं. संमतीचा पुरावा आढळला नाही. तुमच्या पत्राचा प्रकार ‘खाद्यपदार्थांची जाहिरात’ असा नोंदवण्यात आला आहे. मागील दोन वर्षांत ज्यांनी तुम्हाला काही लिहिलेलं नाही असे सर्व पत्ते काढून टाका, तसं जाहीर करा आणि पुन्हा अर्ज करा.

“खाद्यपदार्थांची जाहिरात,” उंबरजे सावकाश म्हणाले. मग त्यांनी पत्त्यांच्या यादीची अडतीस पानं छापून घेतली, बुधवारचा अर्धा दिवस रजा टाकली आणि पानं घरी नेली.

बुधवार पाचव्या दिवसाचा, म्हणजे नळाला पाणी येण्याचा. पहाटेपासून उंबरजेंच्या बायकोची, दानेश्वरीबाईंची, धावपळ चालली होती. पिंप, हंडे, बादल्या, शेवटी कुकरसुद्धा भरून झाला, तेव्हा त्या पदराला हात पुसत ओसरीवर आल्या. नवरा चटईवर पानं पसरून लाल पेन हातात धरून बसला होता. एकही नाव खोडलेलं नव्हतं.

“आणा हिकडं,” त्या म्हणाल्या. “मी वाचते, तुम्ही सांगा.” दानेश्वरीबाईंचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, घाईत असल्या की त्यांचं बोलणं कानडीच्या चालीवर जातं.

पहिल्या पानावरचं पहिलं नाव पाहून त्या क्षणभर थांबल्या आणि दुसऱ्यापासून वाचू लागल्या.

“वामन शेट्टी, मंगलोर.”

“सूत दलाल. ठेव.”

“शेवटचं पत्र कधी आलं?”

“दोन हजार अकरा.”

“मग?”

“माणूस चांगला होता.”

“मशीन विचारणार न्हाय चांगला होता का वाईट. खोडा.”

उंबरजेंनी खोडलं. रेघ इतकी बारीक मारली की नाव वाचता यावं.

“हे कोण? नुसतं ‘प्रदर्शन, निळी टोपी’ लिहिलंय.”

“दिल्लीच्या प्रदर्शनात भेटला होता. निळी टोपी घातली होती.”

“अय्यो! नाव न्हाय, गाव न्हाय, टोपीला तिळगूळ पाठवायलाव व्हय दरवर्षी?”

“तो एकदा तरी परत येईल असं आण्णांना वाटायचं.”

“खोडा.”

असं साडेअकरापर्यंत चाललं. भोगीची उरलेली, वाळून कडक झालेली बाजरीची भाकरी आणि शेंगाचटणी तिथेच खाल्ली. बारा वर्षं न लिहिलेली माणसं निघाली, मेलेली निघाली, कारखाने बंद करून मुलाकडे राहायला गेलेली निघाली. काहींच्या नावावर उंबरजे अडून बसत. एक म्हातारा पारशी गृहस्थ, त्याने एकदा यांच्या इंग्रजीचं कौतुक केलं होतं. तो ठेवावा म्हणून त्यांनी पाच मिनिटं वाद घातला आणि हरले.

“जगात कोणाला अक्कल उरली नाही,” ते म्हणाले. “कोण कुठले लोक, यादी करून बसलेत. माणूस बघायचा नाही, कागद वाचायचा नाही. नाव टाकलं की संपलं. असं असतं का कुठं?”

“तुमची हिरवी वही काय आहे मग?” दानेश्वरीबाई म्हणाल्या.

“ती वेगळी.”

“वेगळी कशी? तुम्हीबी नाव टाकलं की संपलंच की. ज्यांनी तुम्हाला यादीत घातलं त्यांना शिव्या घालायलाव. तुमच्या यादीत कोण कोण बसलंय ते कधी बघितलाव?”

“त्यात सगळे भामटे आहेत.”

“हौदू, व्हय की, त्यांनाबी तसंच वाटत असेल.”

पानं गोळा करताना पहिलं पान वर आलं. पहिलं नाव आण्णांचं. कारखान्याचा स्वतःचा पत्ता नव्हता तेव्हा आण्णांनी कुठल्याशा फुकट सेवेवर पत्ता काढला होता. तीही सेवा बंद पडली असावी. तरी सहा वर्षं उंबरजे संक्रांतीचं पहिलं पत्र तिथेच पाठवत होते. कदाचित सापळा तोच असेल, नसेलही. कोणी सांगणार नव्हतं.

“हे मी खोडत न्हाय,” दानेश्वरीबाई म्हणाल्या. “तुमचं तुम्ही बघा.”

उंबरजेंनी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. मग रेघ मारली. ही मात्र जाड, सरळ, एका दमात. अकराशे त्रेचाळीसमधले तीनशे सोळा उरले.

गुरुवारी दुपारी सव्वातीनला यादीवाल्यांनी कळवलं की तुमचं नाव काढलं आहे. माफी नव्हती, खेदही नव्हता. तीन वाजून वीस मिनिटांनी उंबरजेंनी आनेके बाईंना पत्र टाकलं आणि खुर्ची मागे सरकवून बसले. पत्र परत आलं नाही. साडेतीन, चार, पाच. तिकडे दुपार होती, कार्यालय उघडं होतं. सहाला कारखाना सुटला तरी उत्तर नव्हतं.

शुक्रवारी सकाळी दहाला यादगिरी आला. दारात उभा राहिला आणि गेला. एकला पुन्हा आला.

“दोघं गेले सायेब बदलीवर. उद्या आणखी चार जातील.”

“साडेचारपर्यंत थांब.”

“साडेचारला काय, निळा उगवणार हाय व्हय?”

तीनला नंदीश टेबलाशी आला आणि कोपऱ्यावर टेकला. आण्णाही तसेच टेकायचे. “जाऊ द्या काका. साध्या पांढऱ्या मालाला घेऊ माग. तिने दुसऱ्याला दिलं असणार. नाहीतर पत्र मिळूनही गप्प बसेल का कोणी?”

“आनेके बाई गप्प बसणाऱ्यातल्या नाहीत,” उंबरजे म्हणाले. “सहा वर्षांत त्यांनी एकदाही दुसऱ्या दिवसावर उत्तर ढकललेलं नाही. त्या माझ्यासारख्या आहेत.”

हे बोलले आणि त्यांचा हात चष्म्याकडे जाता जाता थांबला. ती बाई गप्प बसणारी नसेल, तर ती लिहीत असणार. ती लिहीत असेल, तर ते कुठेतरी येत असणार. दानेश्वरीचा प्रश्न आठवला, तुमच्या यादीत कोण कोण बसलंय?

कोंडवाडा त्यांनी ऑगस्टनंतर उघडला नव्हता. किळस यायची. आता उघडला, तर आत अकरा हजार चारशे पत्रं. त्यांनी आनेके हे नाव टाइप केलं. तीन पत्रं वर आली.

पहिलं पंधरा तारखेचं, कारखाना यात्रेसाठी बंद होता तेव्हाचं. आमची कंपनी आता एका मोठ्या समूहात गेली आहे, यापुढे माझा पत्ता हा. दुसऱ्या क्रमांकाचा निळा पसंत आहे, लेखी मान्यता आणि तारीख कळवा. नव्या पत्त्याचा शेवट होता ‘ग्रुप’. ऑगस्टमध्ये उंबरजेंनी ‘ग्रुप’ने संपणारं सगळं बंद केलं होतं, हिरव्या वहीत, एकेचाळिसाव्या ओळीवर.

दुसरं वीस तारखेचं. तुमच्याकडून काहीच कळलं नाही, हे तुमच्या स्वभावात बसत नाही, तब्येत बरी आहे ना?

तिसरं आदल्या दिवशीचं. जुन्या पत्त्यावर आलेलं तुमचं पत्र आत्ता मिळालं, पण मी दोनदा उत्तर दिलेलं आहे. आणखी एक गोष्ट. नंदीश नावाचा कोणी माणूस तुमच्या कारखान्याचा मालक असल्याचं सांगून जीमेलवरून वारंवार लिहीत आहे. तुमच्या दोन वर्षांपूर्वीच्या सूचनेप्रमाणे मी त्याला उत्तर दिलेलं नाही आणि त्याला ब्लॉक केलं आहे.

नंदीश खांद्यावरून वाचत होता. तो हसेल असं वाटलं, पण तो हसला नाही. “दुसरा निळा,” एवढंच म्हणाला आणि सूत रंगवणाऱ्या डाइंगला फोन लावायला पळाला.

तीन वाजून बावन्न मिनिटांनी उंबरजेंनी मान्यतेचं पत्र लिहिलं. तारीख घातली, पुन्हा वाचलं, आणि नव्या पत्त्यावर पाठवलं. त्याआधी एकेचाळिसावी ओळ काढली. चार वाजून पाच मिनिटांनी उत्तर आलं. मिळालं, आभार, काम सुरू करा. आणि खाली, तो नंदीश खरा आहे का?

माग खात्यात जायला अंगण ओलांडावं लागतं. उंबरजे एरवी तिकडे जात नाहीत. सुताचा भुसा उडतो, त्यांना शिंका येतात. आज गेले. बारा माग पांढरे ताणे लेवून गप्प उभे होते.

“निळा आला,” ते यादगिरीला म्हणाले. “सूत संध्याकाळी रंगायला पडेल. सोमवारी माग चालू.”

“आलं का सायेब पत्र? वाटलंच मला, येणार—”

“पंधरा तारखेलाच आलं होतं,” उंबरजे म्हणाले. “मीच बंद करून ठेवलेल्या पत्त्यांत अडकलं होतं. मी बघितलं असतं तर सोमवारीच सूत रंगायला पडलं असतं.”

यादगिरी दोन पावलं पुढे आला. मागे बसलेल्यांपैकी कोणीतरी तेलुगूत काहीतरी म्हणालं आणि दोघं-तिघं हसले.

“म्हंजे हे पाच दिवस आमी बसलो ते तुमच्या यादीपायी व्हय?”

“व्हय,” उंबरजे म्हणाले. एरवी ते कधीच ‘व्हय’ म्हणत नाहीत.

“आन् आमाला वाटलं त्या गोऱ्या बाईपायी.” यादगिरीने तंबाखूची पिंक टाकली. “सांगायला नव्हतं पाहिजे सायेब. आमाला कुटं कळणार होतं. आता सांगितलाव तर तुमचं नाव आमीबी यादीत घालणार.”

“घाला.”

“आन् गेलेली दोघं? त्यांस्नी फोन कोण करायचा?”

“मी करतो,” उंबरजे म्हणाले, आणि नंबर वहीत उतरवून घेतले. त्यातला एक जण त्या संध्याकाळी आला. दुसऱ्याने फोन घेतलाच नाही.

शनिवारी सकाळी दहापर्यंत कारखान्याच्या पत्त्यावर ‘ग्रुप’ने संपणारी सत्तावीस पत्रं येऊन पडली. पहिल्या पत्रात उंबरजेंना परदेशातल्या एका अनोळखी मृत गृहस्थाचे वारस ठरवलं होतं. त्यांनी चष्मा पुसला. मग ज्या जागी स्वतःचा पत्ता तपासला होता, तिथे हे पत्र पाठवणाऱ्या वकिलाचा पत्ता टाकून पाहिला. ती बंद पडलेली यादी सोडली तर बाकीच्या एकोणऐंशीच्या एकोणऐंशी याद्यांपुढे हिरवी खूण आली.

त्यांनी तो पत्ता बंद केला, तेवढा एकच. आता रोज सकाळी पत्रं वाचायच्या आधी ते कोंडवाडा उघडतात आणि पाठवणाऱ्यांची नावं एकेक करून वाचतात. त्याला पाऊण तास लागतो. त्या पाऊण तासात त्यांच्याशी बोलायची सोय नसते. ते तोंडातल्या तोंडात भामट्यांना काय काय म्हणतात ते नंदीशलाही आता पाठ झालं आहे. सोमवारी शेडमधून मागांचा खडखडाट सुरू झाला, तेव्हा ते तीनशे बाराव्या नावावर होते. थांबले नाहीत. बोट तिथेच ठेवून एकदा खिडकीकडे पाहिलं, आणि तीनशे तेराव्या नावावर गेले.